एका सोमवारची दोन नावे

अमेरिकेत ऑक्टोबर महिन्याचा दुसरा सोमवार हा सरकारी सुट्टीचा दिवस असतो. आपल्याकडे दसरा-दिवाळीची धामधूम चालू असते, त्याच सुमारास तिथे टपाल कचेऱ्या आणि संघराज्य सरकारची कार्यालये बंद असतात. कायद्याच्या पुस्तकात या सुट्टीचे नाव 'कोलंबस डे' आहे. साउथ डाकोटा राज्यात मात्र तोच सोमवार 'नेटिव्ह अमेरिकन डे' असतो, आणि व्हर्माँट, मेन, न्यू मेक्सिको या राज्यांत 'इंडिजिनस पीपल्स डे', म्हणजे मूळ रहिवाशांचा दिवस. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर इटालियन अमेरिकनांची वाजतगाजत मिरवणूक निघते. त्याच दिवशी पहाटे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ बेटावर वेगवेगळ्या जमातींचे लोक सूर्योदयाच्या प्रार्थनेसाठी जमतात. एकाच दिवशी एकाच देशातले काही लोक ज्याचा जयजयकार करतात, त्याच्याच नावाने दुसरे काही लोक शोक करतात.

दुरून पाहणाऱ्याला हा पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका दर्यावर्दीवरून चाललेला वाद वाटतो. कागदपत्रांतून मागे जात राहिले की दिसते ते वेगळेच. कोलंबसाच्या नावामागे दोन समाजांची दोन वेगवेगळी दुखणी आहेत, दोन्ही खरी आहेत, आणि दोन्ही एकाच तारखेवर येऊन उभी राहिली आहेत. एवढे ध्यानात आले तर या वादाचा बराचसा गुंता सुटतो, असे मला वाटते.

मराठी वाचकाला कोलंबस तसा परका नाही. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तले 'कोलंबसाचे गर्वगीत' ज्यांनी शाळेत पाठ केले, त्यांच्या मनात कोलंबस म्हणजे खवळलेल्या समुद्राला आव्हान देणारा माणूस. 'विशाखा' 1942 साली प्रसिद्ध झाली. गुलामीत असलेल्या देशाला हिंमत हवी होती आणि कवीने ती एका खलाशाच्या तोंडून दिली. तो कोलंबस कवितेचा आहे आणि कवितेत तो खराच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला कोलंबस 'अमेरिकेचा शोध' लावतो आणि हिंदुस्थान समजून तिथल्या लोकांना 'इंडियन' म्हणतो. ते नाव आपणही 'रेड इंडियन' असे करून पुढे चालवले. मात्र पंडिता रमाबाईंनी 1889 साली अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिले, तेव्हा त्या मूळ रहिवाशांच्या हालअपेष्टांविषयी कळवळ्याने लिहून गेल्या होत्या. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मराठीत शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. आपण त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, इतकेच.

कोलंबस अमेरिकन कसा झाला

आज जिला संयुक्त संस्थाने म्हणतात त्या देशाच्या मुख्य भूमीवर कोलंबसाने कधीच पाऊल ठेवले नाही. 12 ऑक्टोबर 1492 रोजी तो बहामा द्वीपसमूहातल्या ज्या बेटावर उतरला, त्याला तिथले लुकायन लोक 'ग्वानाहानी' म्हणत. पुढच्या तीन सफरींत त्याने कॅरिबियन बेटे, दक्षिण अमेरिकेचा थोडा किनारा आणि मध्य अमेरिकेचा किनारा पाहिला. तो जिनोव्हाचा, चाकरी स्पेनच्या राजाराणीची. इटली नावाचे राष्ट्र 1861 साली झाले. त्याच्या मरणानंतर साडेतीनशे वर्षांनी.

तरीही इंग्रजांपासून सुटलेल्या नव्या प्रजासत्ताकाने त्याला आपला मूळपुरुष केले, याचे कारण साधे होते. ज्या राज्याशी लढून स्वातंत्र्य मिळवले, त्या राज्याच्या इतिहासातला पूर्वज नको होता. कोलंबस इंग्रज नव्हता आणि त्याला राजाने शेवटी वाईट वागवले होते, अशी त्याची ख्याती होती. राजसत्तेवर रागावलेल्या लोकांना तो सोयीचा वाटला. न्यूयॉर्कच्या 'किंग्ज कॉलेज'चे नाव 1784 साली 'कोलंबिया' झाले, साउथ कॅरोलायनाने 1786 साली आपल्या नव्या राजधानीला तेच नाव दिले, आणि 1791 साली देशाच्या राजधानीचा प्रदेश 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया' ठरला. 1792 साली, तीनशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, न्यूयॉर्कमध्ये टॅमनी सोसायटीने सोहळा केला आणि बाल्टिमोरमध्ये स्मारकस्तंभ उभा राहिला. 1828 साली वॉशिंग्टन अर्व्हिंग या लोकप्रिय लेखकाने त्याचे चरित्र लिहिले. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या पंडितांशी एकटा कोलंबस झगडला, ही दंतकथा मुख्यतः त्या चरित्राने घरोघरी पोहोचवली. पृथ्वी गोल आहे हे त्या काळच्या शिकल्यासवरलेल्यांना ठाऊक होते. वाद होता तो तिच्या आकारमानाचा, आणि त्यात कोलंबसाचा हिशेब चुकीचा होता.

इथवरच्या या कौतुकात इटालियनांचा संबंध फारसा नव्हता. तो आला पुढे, आणि रक्तातून आला.

अडीच महिन्यांतल्या दोन घटना

29 डिसेंबर 1890 रोजी साउथ डाकोटात वूंडेड नी नावाच्या ओढ्याकाठी अमेरिकी घोडदळाने लाकोटा जमातीच्या छावणीला वेढा घातला. हत्यारे काढून घेत असताना गोळी सुटली आणि त्यानंतर तोफाबंदुकांच्या माऱ्यात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती.

14 मार्च 1891 रोजी, बरोबर अडीच महिन्यांनी, न्यू ऑर्लिन्स शहरात हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला. तिथल्या पोलीसप्रमुखाच्या खुनाबद्दल इटालियन वंशाच्या लोकांवर खटला भरला होता. आदल्या दिवशी ज्युरीने नऊ आरोपींपैकी एकालाही दोषी ठरवले नव्हते. सहा निर्दोष सुटले, तिघांबाबत एकमत झाले नाही. जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार केले. त्यांतल्या काहींवर अजून खटला उभाही राहिला नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने तेव्हा बहिणीला लिहिलेल्या पत्रात, हे एका परीने बरेच झाले, असा अभिप्राय दिला. यावरून सिसिलीहून आलेल्या गरीब मजुरांकडे त्या वेळचा प्रतिष्ठित समाज कसा पाहत होता ते कळते.

या दोन घटनांनंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. न्यू ऑर्लिन्सच्या हत्याकांडानंतर इटलीने आपला राजदूत परत बोलावला. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना काँग्रेसपुढच्या वार्षिक संदेशात या कृत्याचा निषेध करावा लागला आणि 1892 साली अमेरिकेने 25,000 डॉलर भरपाई दिली. वूंडेड नीच्या मृतांच्या बाजूने परत बोलावायला कोणाचा राजदूत नव्हता. तिथे गोळीबार करणाऱ्या सैनिकांपैकी वीसच्या आसपास जणांना देशातले सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

याच वर्षी कोलंबसाच्या आगमनाची चारशे वर्षे पूर्ण होत होती. हॅरिसन यांनी 21 जुलै 1892 रोजी जाहीरनामा काढला आणि 21 ऑक्टोबरला देशभर सुट्टी पाळण्यास सांगितले. जुन्या पंचांगातला 12 ऑक्टोबर नव्या पंचांगाप्रमाणे 21 येतो, म्हणून ही तारीख. शाळाशाळांतून झेंडावंदन झाले, आणि अमेरिकी मुले आजही शाळेत जी प्रतिज्ञा म्हणतात ती फ्रान्सिस बेलामी यांनी याच दिवसासाठी लिहिली.

अलीकडे असे सर्रास लिहिले जाते, की न्यू ऑर्लिन्सच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून हॅरिसन यांनी इटालियनांना हा दिवस दिला. जाहीरनामा वाचला तर त्यात इटालियनांचा उल्लेख नाही आणि न्यू ऑर्लिन्सचाही नाही. त्याचा सगळा भर प्रगती, शाळा आणि देशाची चारशे वर्षांची वाटचाल यांवर आहे. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाची तयारीही हत्याकांडाच्या आधीपासून चालू होती. तेव्हा सरकारने माफी म्हणून सुट्टी दिली, हे विधान अर्धेच खरे. मात्र इटालियन समाजाने त्या दिवसाचा जो अर्थ घेतला तो पूर्ण खरा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका इटालियन वृत्तपत्राने वर्गणी गोळा केली आणि ऑक्टोबर 1892 मध्ये कोलंबसाचा संगमरवरी पुतळा उभा केला. ज्यांना शहरात कोणी किंमत देत नव्हते, त्यांनी पैपैसा जमवून शहराला सांगितले, की ज्याला तुम्ही देशाचा मूळपुरुष म्हणता तो आमच्यातलाच आहे.

सुट्टीची चढण

कोलंबसाच्या नावे कायमची सुट्टी देणारे पहिले राज्य कोलोराडो; साल 1907. तिथे अँजेलो नोचे या इटालियन गृहस्थांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली होती. त्यांच्या जोडीला 'नाइट्स ऑफ कोलंबस' ही 1882 साली स्थापन झालेली कॅथलिक संघटना होती. तिच्यात सुरुवातीला आयरिश मंडळींचा भरणा होता. प्रॉटेस्टंटांच्या देशात कॅथलिकांच्या निष्ठेवर सतत संशय घेतला जाई. त्यावर कोलंबस हे त्यांचे उत्तर होते.

विरोधही लगेच झाला, पण तो आजच्या बाजूने नव्हे. 1920च्या दशकात कू क्लक्स क्लॅनने कोलंबसाच्या सोहळ्यांना हरकत घेतली, कारण तो कॅथलिक आणि परका. व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात असा विरोध मोडून 1927 साली पुतळा उभा राहिला. तोच पुतळा जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनात, जमावाने पाडून शेजारच्या तळ्यात ढकलला. एकाच पुतळ्याला शंभर वर्षांच्या आत आधी गोऱ्या वंशवाद्यांनी विरोध केला आणि नंतर वंशवादाच्या विरोधकांनी.

1924 सालच्या इमिग्रेशन कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची संख्या वर्षाला चार हजारांच्याही खाली आणली. त्याच साली दुसऱ्या एका कायद्याने देशातल्या सर्व मूळ रहिवाशांना प्रथमच नागरिकत्व मिळाले. दाराबाहेरच्यांना दार बंद झाले आणि घराचे मूळ मालक घरातले धरले गेले, तेही एकाच वर्षी.

1934 साली काँग्रेसने ठराव करून दरवर्षी 12 ऑक्टोबरला कोलंबस दिन जाहीर करण्याची राष्ट्राध्यक्षांना विनंती केली. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेला आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन 'शत्रुदेशाचे परकीय' ठरले. त्यांच्यावरचा हा शिक्का काढल्याची घोषणा ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी केली ती 12 ऑक्टोबर 1942 रोजी, कोलंबस दिनाच्याच समारंभात. ज्या घरांनी तो दिवस अनुभवला, त्यांना नंतर कोणी 'कोलंबसाचे काय घेऊन बसलात' असे म्हटले, तर राग येणारच. शेवटी 1968 सालच्या कायद्याने ही सुट्टी संघराज्याची झाली आणि 1971पासून ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी पाळली जाऊ लागली.

भूर्जपत्रावरचे निवेदन

दुसऱ्या बाजूचा आवाज 1992 साली एकाएकी निघाला, हा समज बरोबर नाही. 1893 साली शिकागोत कोलंबसाच्या नावाने जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या जोडीने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत 11 सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला ठाऊक असते. त्याच प्रदर्शनात पोटावाटोमी जमातीचे सायमन पोकॅगन यांची एक पुस्तिका विकली जात होती, हे आपल्याला ठाऊक नसते. ती कागदावर नव्हे, भूर्जपत्रावर छापलेली होती. आम्हाला या उत्सवात आनंद मानण्याजोगे काही नाही, हा तिचा आशय. शिकागो ज्या भूमीवर वसले ती पोटावाटोमींनी 1833 च्या तहात गमावली होती आणि त्या तहाच्या वेळी सायमन यांचे वडील लिओपोल्ड हजर होते. प्रदर्शनाच्या मांडवात उभा राहून तो माणूस आपल्याच वडिलांच्या जमिनीविषयी बोलत होता.

मधली ऐंशी वर्षे हा आवाज दबून राहिला. 1977 साली जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या आवारात, अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांबाबतच्या भेदभावावर परिषद झाली. 12 ऑक्टोबर हा त्यांच्याशी एकजुटीचा दिवस म्हणून पाळावा, अशी सूचना तिथून निघाली. 1990 साली, वूंडेड नीला शंभर वर्षे होत असताना, साउथ डाकोटाचे राज्यपाल जॉर्ज मिकेल्सन यांनी ते वर्ष समेटाचे म्हणून जाहीर केले. 'लाकोटा टाइम्स'चे संपादक टिम जियागो यांच्या आवाहनानंतर राज्याने कोलंबस दिनाच्या जागी नेटिव्ह अमेरिकन दिन आणला. लाकोटांची कत्तल ज्या राज्यात झाली, त्याच राज्याने हा बदल सर्वांत आधी केला. 1992 साली, पाचशे वर्षांच्या सोहळ्याच्या ऐन वेळी, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने मूळ रहिवासी दिन सुरू केला, आणि कोलोराडोतल्या डेन्व्हरची मिरवणूक विरोधामुळे रद्द झाली.

कागद काय सांगतात

कोलंबसाच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. पहिला असा, की पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या फूटपट्टीने मोजू नये. दुसरा असा, की लोक मेले ते देवीच्या साथीने. त्यात त्याचा दोष काय?

पहिल्याचे उत्तर त्याच्या समकालीनांनीच देऊन ठेवले आहे. त्याच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीची मूळ प्रत हरवली. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने केलेला गोषवारा उरला. त्यात उतरल्यानंतर दोनच दिवसांनी कोलंबस नोंदवतो, की पन्नास माणसांनिशी या सर्वांना ताब्यात ठेवता येईल. दुसऱ्या सफरीत त्याने हिस्पॅनिओला बेटावर (आजचे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक) खंडणी बसवली. सोन्याच्या मुलखातल्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधायच्या घुंगराइतकी सोन्याची भुकटी द्यायची, बाकीच्यांनी कापूस द्यायचा. ही माहिती शत्रूने दिलेली नाही, त्याच्या मुलाने, फर्नांडोने लिहिलेल्या चरित्रातली आहे. 1495 साली सुमारे सोळाशे ताइनो पकडून आणले गेले, त्यांतले साडेपाचशे स्पेनला विक्रीसाठी गलबतांवर चढवले आणि सुमारे दोनशे वाटेत मेले. हे सांगणारा मिकेले दा कुनेओ कोलंबसाचा मित्र होता आणि त्याच सफरीत होता.

या विक्रीवर राणी इसाबेला आणि राजा फर्दिनांद यांनी त्याच वर्षी शंका घेतली, धर्मपंडितांचा निर्णय होईतो पैसे रोखायला सांगितले, आणि 1500 साली विकलेल्यांना सोडून परत पाठवण्याचा हुकूम दिला. ती राजाराणी काही दयेचे पुतळे नव्हती. 1492 सालीच त्यांनी ज्यूंना देशाबाहेर घालवले होते. त्यांनाही हे खटकले. 1500 साली फ्रान्सिस्को दे बोबादिया या अधिकाऱ्याने चौकशी करून कोलंबसाला बेड्या घालून परत पाठवले. त्या चौकशीची प्रत सिमांकासच्या दफ्तरखान्यात सापडली आणि 2006 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातले बरेच साक्षीदार त्याचे विरोधक होते, म्हणून ती जपून वाचावी लागते. पण क्रूरपणाचा आरोप एकविसाव्या शतकाने शोधून काढला, असे तिच्यापुढे म्हणता येत नाही. डिसेंबर 1511 मध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने त्याच बेटावरच्या चर्चमध्ये, वसाहतवाल्यांच्या तोंडावर, या माणसांना गुलामासारखे राबवण्याचा तुम्हाला काय अधिकार, असा जाब विचारला होता. ही फूटपट्टी त्याच काळातली होती.

देवीच्या साथीचा प्रश्न तारखांनी सुटतो. हिस्पॅनिओलात देवी पोहोचली 1518 च्या अखेरीस. त्या बेटाची मूळ लोकसंख्या किती होती यावर अभ्यासकांचे अंदाज एक लाखापासून कित्येक लाखांपर्यंत जातात. पण 1508 साली सुमारे साठ हजार आणि 1514 च्या मोजणीत सुमारे सव्वीस हजार लोक उरले होते. त्याआधी इतर साथी येऊन गेल्या असाव्यात असे काही अभ्यासक मानतात. तरी खाणीतली सक्तमजुरी, मोडलेली शेती आणि उपासमार यांनी बेट देवी येण्यापूर्वीच रिकामे होत आले होते.

दुसऱ्या बाजूच्या अतिरेकाचीही नोंद घ्यायला हवी. 1502 नंतरचा राज्यपाल निकोलास दे ओव्हांदो याने केलेल्या कत्तली, पुढे मेक्सिको आणि पेरूत झालेला संहार, उत्तर अमेरिकेतली जमातींची हकालपट्टी हे सारे अनेकदा कोलंबसाच्याच खात्यावर मांडले जाते. त्यातले पुष्कळ त्याच्या मागून इतरांनी केले. त्याच्या सात-आठ वर्षांच्या कारभाराचा हिशेब एवढा जड आहे, की दुसऱ्यांची पापे त्यात घालण्याची गरजच नाही.

दोन हक्क, एक तारीख

इथे मूळ मुद्दा येतो. इटालियन अमेरिकनांचा हक्क कोलंबसाच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. अकरा जणांची हत्या, 1924 चा कायदा, युद्धकाळातला शिक्का, हे सगळे कोलंबस संत होता की खलनायक यावर ठरत नाही. 2019 साली न्यू ऑर्लिन्सच्या महापौर लाटोया कँट्रेल यांनी 1891 च्या हत्याकांडाबद्दल शहरातर्फे जाहीर माफी मागितली. त्या माफीत कोलंबसाची गरज पडली नाही. अन्याय झाला तो ज्यांच्यावर, त्यांची नावे घेऊन माफी मागता येते.

तसेच मूळ रहिवाशांचा हक्कही सुट्टीच्या नावाने पुरा होत नाही. मोडलेले तह, हिरावलेली जमीन, पाण्यावरचे हक्क हे प्रश्न मंगळवारी सकाळी होते तिथेच असतात. नाव बदलणे सरकारला स्वस्त पडते, हे त्यांच्यातले जाणते लोक पुष्कळदा सांगतात.

आपल्या गोव्याशी तुलना केली तर फरक नीट कळतो. 1998 साली वास्को द गामाच्या आगमनाला पाचशे वर्षे झाली तेव्हा गोव्यात आणि केरळात निषेध झाले. 1502 साली यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळणारा माणूस उत्सवाला योग्य नाही, हे इथे पटवून द्यायला फार कष्ट पडले नाहीत, कारण इथल्या कोणत्याही समाजाने आपला मान त्याच्या नावाला टांगला नव्हता. वास्को शहराचे नाव तेवढे राहिले आणि जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीवर त्याची मूर्ती आहे. अमेरिकेत मात्र कोलंबसाला हात लावला की एका समाजाच्या आजोबा-पणजोबांच्या अपमानाच्या आठवणीला हात लागतो. तिथला वाद अवघड आहे तो यामुळे.

कोलोराडोने या गुंत्यातून एक वाट काढली. सर्वांत आधी सुट्टी देणाऱ्या या राज्याने 2020 साली कोलंबस दिन रद्द केला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांच्या नावाने सुट्टी ठेवली. कॅब्रिनी लोम्बार्डीत 1850 साली जन्मलेल्या जोगीण. इटालियन स्थलांतरितांसाठी त्यांनी अनाथालये, शाळा, रुग्णालये काढली. डेन्व्हरमध्येही त्यांचे अनाथालय होते. 1909 साली त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या आणि 1946 साली चर्चने त्यांना संतपद दिले. अमेरिकी नागरिकाला मिळालेले ते पहिले संतपद. इटालियनांचा मान राहिला, आणि तो ज्यांनी त्या माणसांचे अश्रू खरोखर पुसले त्यांच्या नावाने राहिला. ही वाट सर्वांना पटली असे नाही. अनेक इटालियन संघटनांना यात माघार दिसते. पण समाजाचा आदर राखून माणूस बदलता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

संघराज्याच्या पातळीवर मात्र वाद मिटलेला नाही. 2021 साली राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी कोलंबस दिनाबरोबरच मूळ रहिवासी दिनाचाही जाहीरनामा काढला. राष्ट्राध्यक्षाने असे करण्याची ती पहिली वेळ. 2025 साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या जाहीरनाम्यात पुन्हा एकट्या कोलंबसाचा गौरव झाला. काँग्रेसने केलेल्या कायद्यातले नाव 1968 पासून बदललेले नाही. जाहीरनामे येतील आणि जातील. त्या सोमवारी फिफ्थ ॲव्हेन्यूवर मिरवणूक निघेल आणि अल्काट्राझवर पहाटे शेकोटी पेटेल.

राहता राहिले ते बेट, जिथून हे सारे सुरू झाले. बहामात पूर्वी 12 ऑक्टोबरला 'डिस्कव्हरी डे' असे. 2013 पासून त्याच्या जागी, ऑक्टोबरच्याच दुसऱ्या सोमवारी, 'नॅशनल हीरोज डे' पाळला जातो. तिथली आजची बहुसंख्य प्रजा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातली आहे. ग्वानाहानीवर कोलंबसाच्या होडीपर्यंत पोहत आलेले, त्याला पोपट आणि सुताचे गुंडे देणारे लुकायन तीसेक वर्षांच्या आत त्या बेटांवरून नाहीसे झाले. त्यांना पकडून हिस्पॅनिओलाच्या खाणींवर आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर मोती काढायला नेले गेले. म्हणून ज्या बेटावर 12 ऑक्टोबर घडला, तिथे त्या दिवसाला विरोध करायला किंवा त्या दिवशी रडायला लुकायनांच्यातला कोणी उरला नाही. कोलंबसाने ठेवलेल्या 'सान साल्वादोर' या नावानेच आज एक बेट ओळखले जाते. ग्वानाहानी हे नाव कागदावर राहिले, तेही त्याच्याच रोजनिशीत.